कॅरेट फक्त सोन्यालाच?

आपण बायका सोन्याच्या दुकानात कशा वागतो ते जरा आठवून बघा. साधी कानातली रिंग घ्यायची असली तरी आपले प्रश्न संपत नाहीत. बावीस कॅरेट आहे ना? 916 चा शिक्का कुठे आहे? घट किती, मजुरी किती? जून 2021 पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि एप्रिल 2023 पासून त्यावर सहा अक्षरं-आकड्यांचा क्रमांकही बंधनकारक झाला. तो क्रमांक आपण सोनाराच्या भिंगातून डोळे बारीक करून वाचतो. बरोबरच आहे, घामाचे पैसे असतात ते.

आणि त्याच दिवशी घरी परतताना स्टेशनबाहेरच्या टोपलीतून आपण नेलकटर उचलतो, किल्ल्यांची रिंग घेतो, चिमुकली घडीची सुरी घेतो, डझनभर सेफ्टी पिना घेतो. तिथे प्रश्न एकच, "केवढ्याला?" फार तर, "गंजणार नाही ना हो?" त्यावर उत्तरही ठरलेलं, "ताई, स्टील आहे." झालं! स्टील म्हटलं की आपलं समाधान होतं. कुठलं स्टील, खरंच स्टील का, की वरून नुसता मुलामा, हे विचारायचं आपल्या मनातही येत नाही.

खरं तर सोनं वर्षातले तीनशे दिवस कपाटात नाहीतर लॉकरमध्ये असतं. ही पर्समधली चिल्लर मात्र रोज हाताला लागते, साडी नेसताना दातात धरली जाते, रडणाऱ्या बाळाच्या हातात दिली जाते. काळोखात कुलूप उघडायचं असतं तेव्हा आपली सगळी भिस्त तिच्यावरच असते. मग पारख हिची जास्त हवी की सोन्याची?

हे सगळं सुचायला एक निमित्त घडलं. आमच्या मंडळात घरकाम करणाऱ्या, स्वयंपाकाची कामं करणाऱ्या बायका आहेत. पहाटे पाचला बाहेर पडायचं आणि रात्री नऊ-साडेनऊला परतायचं, असा त्यांचा दिवस. एका देणगीदाराने महिलादिनाला त्यांना 'सुरक्षा किट' वाटली. चकचकीत डबीत किल्ल्यांची रिंग, तिलाच अडकवलेली शिटी, घडीची सुरी आणि बोटाएवढी बॅटरी. दिसायला इतकं देखणं की दोघींनी ते मुलीच्या रुखवतात ठेवायचं म्हणून जपून ठेवलं! ज्यांनी वापरलं त्यांचा अनुभव मात्र पावसाळा संपायच्या आत आला. कुणाच्या सुरीची बिजागरी निखळली, कुणाच्या बॅटरीचं झाकण फिरेना. एका ताईंच्या रिंगचा आकडाच तुटला आणि किल्ली कुठे पडली ते कळलंही नाही. रात्री दहा वाजता दोन मुलांना घेऊन त्या दाराशी बसून राहिल्या. शेवटी कुलूप फोडावं लागलं. नवं कुलूप घ्यावं लागलं आणि दुसऱ्या दिवशीचं एक काम बुडालं.

तो तुटलेला आकडा मी हातात घेऊन पाहिला. वरून आरशासारखा चकचकीत आणि तुटल्या जागी करडा, रवाळ, फुटलेल्या बत्ताशासारखा. आमच्या ओळखीच्या एका लेथवाल्या काकांना दाखवला. त्यांनी नुसता हातावर झेलला आणि म्हणाले, "वहिनी, हे स्टील नाही. जस्ताचं ओतीव आहे, वरून क्रोम." जस्तात थोडं अॅल्युमिनियम वगैरे मिसळून, वितळवून साच्यात ओतलं की पाहिजे तो आकार स्वस्तात निघतो. नळाच्या मुठी, खेळण्यातल्या गाड्या, कपाटाच्या कड्या यांना हे ओतीव चांगलं चालतं. पण बारीक आकड्याला रोज झटका बसतो, ताण येतो. तिथे पोलाद वाकतं, पितळ वाकतं, हे मात्र काही न सांगता कट्कन तुटतं. वाकलेली वस्तू निदान आधी सूचना तरी देते!

तेव्हापासून मी जिथे तिथे हाच विषय काढते. घरचे वैतागले आहेत, पण इलाज नाही.

मला माझ्या आजीची चंची आठवते. आजकालच्या मुलींना चंची म्हणजे काय ते सांगावं लागेल. कप्प्याकप्प्यांची, नाडीने गुंडाळायची कापडी पिशवी. पानसुपारीचा सगळा संसार तिच्यात. त्या काळातली पर्सच म्हणा ना. आता त्यातल्या वस्तू बघा. अडकित्त्याचं पातं पोलादी, कारण सुपारी फोडायची तर धार टिकायला हवी. त्याची मूठ मात्र पितळी, कारण ती घामाने गंजत नाही आणि तिच्यावर मोर-पोपट कोरता येतात. चुन्याची डबी पितळेची. चुना अॅल्युमिनियमला खातो, पितळेला त्याचं फारसं काही होत नाही. आणि नाडीला लटकवलेलं कानकोरणं-दातकोरणं चांदीचं, कारण ते अंगाला, हिरडीला लागणार. आजी चौथी शिकलेली. धातुशास्त्र हा शब्द तिने ऐकलाही नसेल. पण कापायला एक, धरायला दुसरं आणि अंगाला लागायला तिसरं, हा हिशेब तिच्या चंचीत चोख होता.

'सगळ्यात चांगला धातू कोणता?' हा प्रश्न मला म्हणूनच चुकीचा वाटतो. भाच्याने मागे परदेशातून टायटॅनियमची किचेन आणली होती. "मावशी, बेस्ट मेटल आहे!" मी म्हटलं, बाबा रे, कशासाठी बेस्ट? त्याला सांगता येईना. बेस्ट म्हणजे बेस्ट!

कापायच्या वस्तूंपासूनच सुरुवात करते. मुंबईच्या लोकलमध्ये बायका मांडीवर पिशवी ठेवून भाजी निवडतात, चिरतात, हे काही नवीन नाही. त्यांच्या पर्समध्ये सुरी असतेच. या सुरीसाठी पोलादाला पर्याय नाही. त्यातही दोन जाती. एक आपलं जुनं कार्बनचं पोलाद, ज्याची विळी असते, खुरपं असतं, ऊसतोडीचा कोयता असतो. आपले घिसाडी बांधव ट्रकच्या जुन्या कमानपट्ट्या तापवून, ठोकून त्याची हत्यारं करतात आणि शेवटी लालबुंद पातं पाण्यात बुडवून 'पाणी देतात'. या पाण्यातच सगळी करामत आहे. तापवून एकदम थंड केलं की पोलाद कडक होतं आणि धार धरतं. नुसतं तेवढंच केलं तर ते काचेसारखं ठिसूळही होतं, म्हणून मग पुन्हा बेताने तापवून त्याचा ताठा थोडा उतरवायचा. धार अशी की विचारू नका. दोष एकच, लिंबू कापून तसंच ठेवलंत तर काळं पडतं, ओलं राहिलं तर गंजतं. पर्समध्ये, रुमालाशेजारी, अर्धवट पुसलेलं ठेवायला ते सोयीचं नाही.

दुसरी जात म्हणजे स्टेनलेस. 1913 साली इंग्लंडमधल्या शेफील्डला हॅरी ब्रिअर्ली यांनी लोखंडात भरपूर क्रोमियम मिसळून न गंजणारं पोलाद केलं आणि शेफील्ड सुऱ्यांचंच गाव असल्यामुळे त्याच्या सुऱ्याही लगेच निघाल्या. साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम असलं की पृष्ठभागावर त्याचा एक अदृश्य पापुद्रा धरतो. ओरखडा गेला तर हवा लागून तो पुन्हा भरून येतो. मुलामा दिलेल्या वस्तूत आणि स्टेनलेसमध्ये हाच फरक आहे. मुलाम्याचा पोपडा एकदा उडाला की तिथून गंज आत शिरतो. स्वस्त नेलकटरचं नेमकं हेच होतं. आत साधं पोलाद, वर क्रोम किंवा निकेल. वर्षभरात पात्याच्या कडेला तांबूस ठिपके दिसू लागतात.

आता गंमत बघा. भांडी घेताना आपण पर्समधून लोहचुंबक काढतो. चिकटलं नाही की 'उत्तम स्टील', चिकटलं की 'हलकं'. सुरीच्या बाबतीत हे बरोबर उलटं आहे. पाणी देऊन कडक करता येतं ते स्टेनलेस चुंबकाला चिकटतंच. चिकटत नसेल तर ते डब्या-वाट्यांचं मऊ स्टील आहे आणि त्याची धार चार टोमॅटोंत संपणार. म्हणून सुरी, कात्री, नेलकटर घेताना चुंबक जरूर न्या आणि चिकटलं तरच घ्या. (दुकानदार तोंडाकडे बघत राहतो, त्याची तयारी ठेवावी लागते.)

भांड्यांच्या बाबतीतही ही परीक्षा आपण समजतो तेवढी खरी नाही, हेही सांगून टाकते. चांगलं 304 नंबरचं स्टील, ज्यात साधारण अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल असतं, ते चुंबकाला चिकटत नाही. पण निकेल महाग म्हणून त्यातलं बरंचसं काढून त्या जागी मँगनीज घातलेलं दोनशेच्या मालिकेतलं स्वस्त स्टीलही चिकटत नाही! बाजारात त्याला जे-4 वगैरे म्हणतात. कोरड्या वस्तूंना ते ठीक आहे. खारट, आंबट डब्यात भरून रोज नेलंत तर त्याला लवकर डाग पडतात. म्हणजे चुंबक न चिकटल्याच्या आनंदात आपण स्वस्तातलं स्टील महागाच्या भावाने घरी आणलेलं असू शकतं. त्यापेक्षा पर्समधली पाण्याची बाटली, मुलांचा डबा घेताना बुडाशी 304 हा आकडा छापलाय का ते बघा आणि आयएसआयची खूण बघा. 'फूड ग्रेड', 'सर्जिकल स्टील' असे शब्द नुसते मोठ्या अक्षरांत असतील आणि आकडा नसेल तर मी ती वस्तू खाली ठेवते. 'शुद्ध देशी तूप' असं डब्यावर लिहिलेलं असतं, त्यातलाच प्रकार.

बाटलीवरून तांब्याच्या बाटलीचं आलं. गेल्या काही वर्षांत प्रत्येकीच्या पिशवीत ती दिसते. साधं पाणी भरत असाल तर खुशाल वापरा. पण उन्हाळ्यात त्याच बाटलीत लिंबाचं सरबत, कोकम, ताक भरून नेणाऱ्या मैत्रिणी मी पाहिल्या आहेत. अगं, आंबटाने तांबं विरघळतं! म्हणूनच तर आपण तांब्याचा तांब्या चिंचेने घासतो. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात लिटरला दोन मिलिग्रॅमपर्यंतच तांबं असावं असं सांगितलंय. त्याहून बरंच जास्त गेलं की मळमळतं, उलट्या होतात. सरबताला स्टीलची बाटली. एवढं साधं आहे ते.

आता येते किल्ल्यांकडे. या लेखात मला सगळ्यात कळकळीने जर काही सांगायचं असेल तर ते हेच.

किल्ल्या बहुतेक पितळेच्या असतात आणि ते योग्यच आहे. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. ते सहज कापलं जातं, गंजत नाही आणि कुलपाच्या आतल्या पितळी नळ्यांना फार घासत नाही. किल्ली झिजली तर चालते, ती नवी करता येते. आतलं कुलूप झिजलं तर सगळंच गेलं. पांढऱ्या दिसणाऱ्या किल्ल्या बऱ्याचदा जर्मन सिल्व्हरच्या असतात. नावात चांदी असली तरी त्यात चांदीचा कणसुद्धा नसतो. तांबं, निकेल आणि जस्त, बस्स. त्या जरा जास्त टिकतात. आणि पिवळी दिसणारी किल्ली चुंबकाला चिकटली तर समजावं की आत लोखंड आहे आणि वर नुसतं पितळेचं पाणी. अशी किल्ली कुलूप खाते.

पण पितळेची एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. पितळ यंत्रावर भराभर कापलं जावं म्हणून त्यात शिसं मिसळतात. किल्ल्यांच्या, नळांच्या, स्क्रूंच्या पितळेत ते दीड ते तीन टक्क्यांपर्यंत असू शकतं. ऐकायला दोन टक्के कमी वाटतात. अमेरिकेत लहान मुलांच्या वस्तूंमध्ये शिसं दहा लाख भागांत शंभर भागांपेक्षा जास्त असता कामा नये, असा नियम 2011 पासून आहे. दोन टक्के म्हणजे दहा लाखांत वीस हजार भाग! आणि आपण काय करतो? बसमध्ये बाळ रडायला लागलं, दवाखान्यात नंबर यायला वेळ लागला, की पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढतो आणि खुळखुळ्यासारखा त्याच्या हातात देतो. ते पहिल्यांदा काय करतं? तोंडात घालतं. दात येत असतील तर तासभर चघळतं. आई, आजी, मावशी, सगळ्या कौतुकाने बघत असतात.

शिशाची कुठलीही पातळी मुलांसाठी सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं. मुलाच्या शिकण्यावर, लक्ष लागण्यावर त्याची छाया पडते आणि लहान मुलांचं शरीर ते मोठ्यांपेक्षा जास्त शोषून घेतं. एकदा किल्ली चोखली म्हणून लगेच काही होतं असं नाही, कुणाला घाबरवायचा माझा हेतू नाही. पण जे टाळायला एक पैसाही लागत नाही, ते का टाळू नये? मी आमच्या अंगणवाडीतल्या बैठकीत हे सांगितलं तेव्हा एक आजीबाई म्हणाल्या, "आमची पोरं किल्ल्या चघळूनच मोठी झाली." मी म्हटलं, आजी, तुमच्या कमरेला चांदीचा छल्ला होता, पोर तोच चघळायचं! सगळ्या हसल्या. पण त्या दिवसापासून निदान आमच्या अंगणवाडीत खुळखुळा म्हणून किल्ल्या कुणी देत नाही. जुडगा हाताळला की खाण्याआधी हात धुवायचे, एवढीच आणखी एक भर.

अंगाला लागणाऱ्या धातूचा विचार आला की निकेल आलंच. किती जणींना नकली कानातल्याने कान चिघळतो, घड्याळाच्या मागच्या झाकणाने मनगटावर गोल चट्टा उठतो, परकराच्या, पँटच्या बटणापाशी पोटावर खाज येते! 'माझी कातडीच नाजूक' म्हणून आपण गप्प बसतो. ती बहुतेक वेळा निकेलची अॅलर्जी असते. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये ती जास्त आढळते आणि कान टोचणं हे त्याचं एक मोठं कारण मानलं जातं. एकदा शरीराने निकेलशी वैर धरलं की ते सहसा जात नाही. युरोपातल्या देशांनी 1994 मध्ये यावर कायदा केला. कातडीला दीर्घकाळ चिकटून राहणाऱ्या वस्तूतून किती निकेल बाहेर पडू द्यायचं याची मर्यादा त्यांनी ठरवून दिली.

आणि आपल्या सेफ्टी पिना? मंगळसूत्राला दोन, बांगडीला तीन लटकलेल्या. साडी नेसताना ओठांत धरलेल्या. त्यातल्या बहुतेक पोलादी तारेच्या, वर निकेलचा मुलामा. ज्यांना त्रास होत नाही त्यांनी चिंता करू नये. ज्यांना होतो त्यांनी पितळी पिना मागून घ्याव्यात आणि त्यांना निकेल चढवलेलं नाही ना ते विचारावं. चांगल्या स्टेनलेस स्टीलमध्ये निकेल असतं खरं, पण ते इतकं घट्ट बांधलेलं असतं की फारच कमी बाहेर येतं. त्यामुळे बहुतेकींना ते चालून जातं.

ज्यांना तेही चालत नाही, त्यांच्यासाठी मात्र भाच्याचं टायटॅनियम खरंच बेस्ट. हाड जोडायच्या पट्ट्या, दाताच्या मुळाशी बसवायचे खिळे त्याचे करतात, कारण शरीर त्याच्याशी भांडत नाही. शिवाय हलकं. एवढ्याच आकाराचं पोलाद आठ ग्रॅम भरलं तर टायटॅनियम साडेचार ग्रॅम भरेल, आणि घामाने, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने त्याला काही होत नाही. गंमत म्हणजे ज्या इल्मेनाइट नावाच्या खनिजातून ते निघतं, ते आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतसुद्धा आहे. पण वाळूतून धातू काढणं फार खर्चाचं, म्हणून ते महाग. आणि त्याला धार टिकत नाही. 'टायटॅनियम कात्री' म्हणून सोनेरी पात्यांची कात्री मिळते, ती आतून पोलादच असते. वर टायटॅनियमच्या संयुगाचा केसापेक्षाही पातळ थर असतो. तो थर टणक असतो, वाईट नाही, पण कात्री टायटॅनियमची नव्हे. कानातल्याच्या काड्यांना, घड्याळाला टायटॅनियम घ्यावं. नुसत्या किचेनसाठी एवढे पैसे घालायचे म्हणजे मला तरी हौसच वाटते. भाचा रागावेल, पण असो.

बॅटरीला अॅल्युमिनियम. पूर्वीच्या बॅटऱ्या पितळी पत्र्याच्या, निकेल चढवलेल्या असत. चांगल्या दणकट होत्या. आताच्या एलईडीची गोष्ट वेगळी आहे. तो छोटासा दिवा उष्णता धरून राहिला की लवकर म्हातारा होतो. अॅल्युमिनियम ती उष्णता भराभर अंगावर घेऊन हवेत सोडून देतं, शिवाय पोलादाच्या तिपटीने हलकं. त्याच्यावर जो काळा किंवा रंगीत थर असतो तो चांगल्या बॅटरीत रंग नसून धातूचाच कडक केलेला थर असतो, नखाने निघत नाही. नखाने निघाला तर रंग समजा. एक मात्र लक्षात ठेवायचं, सेल आत पाझरले की अॅल्युमिनियम सडलंच. आजीची चुन्याची डबी पितळेची का होती, तेच कारण. बॅटरी महिनोन् महिने वापरायची नसेल तर सेल काढून ठेवावेत.

शिटीच्या बाबतीत मी धातूच्या भानगडीत पडत नाही. आवाज तिच्या पोकळीच्या आकारावर असतो, धातूवर नाही. चांगली प्लॅस्टिकची शिटी, जिच्यात आतली गोळी नसते, ती ओली झाली तरी वाजते.

हे सगळं आपणच लक्षात ठेवायचं का, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे, आणि माझी खरी तक्रार तीच आहे. मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारने स्टीलच्या आणि अॅल्युमिनियमच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं करण्याचा आदेश काढला. चांगलंच झालं. पण आमच्या पर्समधल्या या बारक्या वस्तूंच्या पाकिटावर त्या कशाच्या आहेत एवढंसुद्धा लिहिलेलं नसतं. बिस्किटाच्या पुड्यावर त्यात काय काय घातलंय हे छापावं लागतं. मग किल्लीवर 'शिसं आहे, मुलांना देऊ नका' असं का छापू नये? कानातल्याच्या कागदावर 'निकेल आहे' एवढे दोन शब्द का नकोत? ग्राहक चळवळीतल्या मंडळींनी, महिला मंडळांनी हे लावून धरायला हवं. आपण मागितल्याशिवाय कुणी छापणार नाही. हॉलमार्कही काही आपोआप आला नाही.

आमच्या मंडळापुरतं आम्ही मागायला सुरुवात केली आहे. या दिवाळीआधी देणगीदारांकडे वस्तू नकोत, पैसे द्या म्हटलं. बायकांनी स्वतः ठरवलं काय हवं ते. किट नको म्हणाल्या, चारच वस्तू पण धड द्या. किल्ल्यांना पोलादी तारेची दुहेरी कडी, जिला आकडाच नाही, त्यामुळे तुटायला काही नाही. अॅल्युमिनियमची बॅटरी. चुंबकाला चिकटणारी, लाकडी मुठीची छोटी सुरी. गळ्यात अडकवायची प्लॅस्टिकची शिटी. होलसेल बाजारात आम्ही चौघी गेलो, एकीच्या हातात फ्रिजवरून काढलेलं लोहचुंबक. दुकानदार आधी हसले, मग जरा चिडले, "एवढं सोन्यालाही कुणी बघत नाही हो!" किल्ली हरवलेल्या त्या ताई म्हणाल्या, "भाऊ, सोनं नाहीच आमच्याकडे. हेच आहे." मग त्यांनी मुकाट्याने बिलबुक पुढे ओढलं आणि प्रत्येक वस्तूपुढे तिचा धातू लिहून दिला.